एका रात्रीचं बहुमत

पोट साफ तर माणूस साफ, अशी आमच्याकडची जुनी समजूत आहे. डोकं दुखतंय? पोट साफ नसेल. तोंडावर पुटकुळी आली? पोट साफ नसेल. मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही, ऑफिसात साहेब सगळ्यांवर डाफरतो, सून माहेरी जाऊन बसली आहे. या सगळ्याच्या मुळाशी कुणाचं ना कुणाचं तरी पोट साफ न होणं असतं. घरातल्या औषधांच्या डब्यात तापाची गोळी ऐन वेळी सापडणार नाही, पण इसबगोल, त्रिफळा चूर्ण, बाळहिरडे, सोनामुखी आणि एरंडेलाची चिकट बाटली ही मंडळी सदैव हजर. सकाळी तांब्याभर कोमट पाणी पिऊन पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालणारा गृहस्थ कविता सुचण्याची वाट बघत नसतो.

अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी करून घ्यायला सांगितलं, की तपासणीची धास्ती वाटतेच; पण आदल्या रात्री जे घडणार असतं त्यामुळे नातेवाइकांत त्याच्याविषयी आदरही पसरतो. माझे मेहुणे कराडहून फोनवर म्हणाले, "दाजी, नशीबवान आहात. आतनं सगळं धुऊन निघणार." त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि असूया जास्त होती. आयुष्यभर चूर्णं फाकून त्यांना जे साधलं नाही, ते मला दोन पाकिटांत मिळणार होतं.

दवाखान्यातून एक कागद मिळाला. काय खायचं नाही याची यादी पानभर, आणि काय खायचं ते चार ओळींत. बिया नकोत, सालं नकोत, पालेभाजी नको, मोड आलेली कडधान्यं नकोत, ज्वारी-बाजरी नको. पेरू आणि टोमॅटोचं तर नावच काढायचं नाही. त्यांच्या बिया आत रेंगाळतात आणि दुर्बिणीच्या वाटेत येतात. जे डॉक्टर जन्मभर "चोथा खा, चोथा खा" म्हणून मागे लागले होते, तेच आता पांढरा भात आणि मैद्याचा पाव खायला सांगत होते. तोही आदल्या दिवशी बंद. मग फक्त नितळ पातळ पदार्थ, म्हणजे ज्याच्या आरपार छापील मजकूर वाचता येईल असं काहीही. लाल आणि जांभळं मात्र वर्ज्य, कारण आत तो रंग दिसला की रक्त आहे की सरबत हे कळत नाही.

बायकोने ही अट शब्दशः घेतली. लिंबाचं सरबत तिने आधी चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीच्या फडक्यातून गाळलं, आणि ग्लास रविवारच्या अंकातल्या छोट्या जाहिरातींवर धरला. 'वधू पाहिजे'मधली उंची वाचता आली, पगार वाचता येईना. पुन्हा गाळलं. पगार दिसला तेव्हा ग्लास माझ्या हातात आला.

संध्याकाळी मुख्य पाहुणा आला. पॉलिइथिलीन ग्लायकॉल. पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची आणि दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास घशाखाली लोटायचा. निम्मं रात्री, निम्मं पहाटे. हा रेणू इतका थोराड असतो की आतड्याला तो शोषता येत नाही, आणि त्याने एकदा धरलेलं पाणी तो सोडत नाही. जेवढं पाणी घेऊन आत शिरतो तेवढं घेऊन बाहेर पडतो, आणि वाटेत जे दिसेल ते बरोबर नेतो. शरीरातले क्षार त्याच्यामागे वाहत जाऊ नयेत म्हणून सोडियम, पोटॅशियम वगैरे मोजून घातलेले असतात. अमेरिकेत डॅलस इथल्या जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली हे गणित जुळवलं. त्याआधी नाकातून नळी घालून मिठाचं पाणी सोडण्याची एक पद्धत होती. सात-आठ लिटर सहज. हे वाचल्यावर दोन लिटरांबद्दलची माझी तक्रार मी गिळली, ग्लासासकट.

चवीबद्दल फार बोलत नाही. खारट, किंचित बुळबुळीत, आणि लिंबाचा वास असूनही लिंबाशी काडीचा संबंध नसलेली. "गार केल्यास बरं लागतं" असं कागदावर छापलं होतं. कशाच्या मानाने बरं, ते छापलं नव्हतं.

पहिला तासभर काहीच होत नाही. माणूस घड्याळाकडे बघतो, टीव्हीकडे बघतो, आपला कोठा जरा वेगळ्याच मातीचा आहे असा अभिमान त्याला वाटू लागतो. मग पोटात कुठेतरी एक लांबचा गडगडाट होतो आणि अभिमान अर्धवट टाकून तो उठतो. त्यानंतर रात्रभर त्याला बसायला एकच जागा. आमचं घर एका बाथरूमचं. घरातली बाकीची माणसं गरज पडली की शेजारी जात होती, आणि जाताना शेजाऱ्यांना सविस्तर कारण सांगत होती.

दोन फेऱ्यांच्या मधल्या निवांतपणात मला आमच्या शरीरातलं संख्याबळ आठवलं. माणसाच्या अंगात त्याच्या स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं बरीच वर्षं पुस्तकांतून लिहीत असत. २०१६ साली रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो या तिघांनी बसून नीट हिशेब केला. सत्तर किलोच्या पुरुषात स्वतःच्या पेशी सुमारे तीस लाख कोटी, आणि जिवाणू सुमारे अडतीस लाख कोटी, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. वजन सगळ्यांचं मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आपण स्वतःच्या देहात अल्पमतात असतो आणि सरकार चालवतो ते बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर. त्यातही आपल्या तीस लाख कोटींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पेशी तांबड्या. त्या ऑक्सिजन वाहून नेतात, बाकी कशात लक्ष घालत नाहीत.

पण दोन्ही बाजूंत फरक इतका थोडा आहे, की एकदा शौचाला जाऊन आलं तरी पारडं आपल्या बाजूला झुकू शकतं, असं या संशोधकांनीच लिहून ठेवलं आहे. रोज सकाळी क्षणभर सत्तापालट होतो आणि आपण चहा पीत बसलेले असतो! त्या रात्री तर प्रश्नच नव्हता. पहाटे दुसरं पाकीट संपलं तेव्हा मी निर्विवाद बहुमतात होतो, आणि मला उभं राहवत नव्हतं.

ज्यांना आपण असं घालवून देतो, ते आत बसून फुकट खात नसतात. भाकरीतला, पालेभाजीतला, गवारीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे सत्तर टक्के वाटा त्यातून येतो. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच, आणि तेही अंधारात. त्यांच्यातल्या बहुतेकांना ऑक्सिजन सोसत नाही. आधी त्यांचा कोंडा बंद करायचा, मग दोन लिटरांचा लोंढा सोडायचा, आणि सकाळी नळीतून वारा किंवा कार्बन डायऑक्साइड भरायचा. शत्रूवरही आपण हे सगळं एका वेळी करत नाही.

याचा परिणाम मोजलेला आहे. फिनलंड आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २३ निरोगी माणसांनी हे औषध घेतलं. दुखत-खुपत काही नसताना, केवळ विज्ञानासाठी, माणसं हे दोन लिटर पितात, यावर माझ्या मेहुण्यांचा विश्वास बसला आणि माझा बसला नाही. त्या २३ जणांच्या पोटातल्या जिवाणूंची एकूण संख्या एकतिसाव्या हिश्श्यावर आली. प्रत्येकाच्या पोटातली जिवाणूंची ठेवण त्याची स्वतःची असते, दोघांची जुळत नाही. पण औषधानंतर २२ टक्के लोकांची ठेवण इतकी बदलली की आधीचा आणि नंतरचा माणूस एकच, हे नमुन्यावरून ओळखता येईना. जिवाणूंच्या दृष्टीने ही माणसं रात्रीतून परकी झाली. दोन्ही डोस एकाच वेळी ढोसणाऱ्यांच्या आतली घडी जास्त विस्कटली, निम्मं-निम्मं करून घेणाऱ्यांची कमी. पहाटेचा गजर लावून दुसरा डोस घ्यायला लावणाऱ्या डॉक्टरांचा हेतू आतडं नीट दिसावं एवढाच असतो. जिवाणूंचं भलं त्यात आपसूक होतं.

आणि चौदा दिवसांत जवळपास सगळे परत आपापल्या जागी. २०१९ साली जपानमधल्या संशोधकांनी पाहिलं, तिथेही दोन आठवडेच. कोणी बोलावलं नाही, कोणी सत्कार केला नाही.

एवढ्या पुरातून ते वाचतात कुठे? काही जण आतड्याच्या अस्तरावरच्या चिकट थरात दडी मारतात. पाणी वरून निघून जातं. आणि काही बहुधा अपेंडिक्समध्ये. हा अवयव बिनकामाचा, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली असं मांडलं, की मुख्य वाटेपासून बाजूला असलेली ही बंद गल्ली म्हणजे चांगल्या जिवाणूंची सुरक्षित जागा असावी. जुलाबाने आतडं रिकामं झालं, की तिथून निघून ते पुन्हा वस्ती करतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे अवघड जाऊ नये. सरकार पडायच्या वेळी आपली माणसं कुठल्यातरी रिसॉर्टवर नेऊन ठेवायची असतात, आणि वातावरण निवळलं की बसमधून परत आणायची असतात, हे निसर्गाला आधीपासून माहीत होतं.

सकाळी दवाखान्यात एका बाकावर आम्ही सगळे धुतलेले लोक ओळीने बसलो होतो. सिस्टर कागद घेऊन आली आणि पहिल्यालाच खणखणीत आवाजात विचारलं, "काका, रंग कसा येतोय?" काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "पिवळा."

"पिवळा म्हणजे? गढूळ की पाण्यासारखा?"

"पाण्यासारखाच. म्हणजे... थोडा."

"थोडा नाही चालत काका. अजून एक ग्लास प्या."

हे ऐकून पुढच्यांनी आपापली उत्तरं मनात घोटून ठेवली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "माझं पहाटे चारलाच निवळलं." त्यावर बाकाच्या टोकाला बसलेले गृहस्थ, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाले, "साडेतीन." मग थोडा वेळ कोणी कोणाशी बोललं नाही.

या विषयात रीतसर गुण मिळतात, हे मला नंतर कळलं. त्यासाठी बॉस्टनच्या नावाची एक मोजपट्टी आहे. मोठ्या आतड्याचे तीन भाग; प्रत्येकाला शून्य ते तीन. एकूण नऊ. प्रत्येक भागात निदान दोन तरी पडावे लागतात, एकूण चांगले असून भागत नाही. आमच्या दहावीचाच नियम. माझ्या अहवालात आठ होते. बायकोने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "एक कुठे गेला?"

आपल्याकडे हे मूल्यमापन आणखी जुनं. विरेचनात दहा वेग झाले तर कनिष्ठ, वीस झाले तर मध्यम आणि तीस झाले तर उत्तम शुद्धी, असा चरकांचा हिशेब आहे. बॉस्टनवाले निकाल बघून गुण देतात, चरक फेऱ्या मोजून. त्या हिशेबात मला विशेष प्रावीण्य मिळालं असतं.

मुळात एवढा खटाटोप का? तर बघण्यासाठी. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोघांनी लवचीक दुर्बीण मोठ्या आतड्यात पार टोकापर्यंत नेण्याचं तंत्र बसवलं, आणि शिन्यांनी त्याच नळीतून तारेचा फास टाकून आतले कोंब, म्हणजे पॉलिप, कापून काढायला सुरुवात केली. त्याआधी असा एक कोंब काढायचा तर पोट फाडावं लागे. पुढे ज्याचा कर्करोग झाला असता ते आज हरभऱ्याएवढं, कधी त्याहून लहान, असतं, आणि आतड्याच्या घडीत चिकटून बसतं. त्यावर काल रात्रीच्या मेथीचं एक पान आलं तर डॉक्टर पुढे निघून जातात. भिंत स्वच्छ दिसली पाहिजे, एवढ्यापुरतीच ही सफाई. दुर्बीण बाहेर आली की सफाईचं काम संपलं. साफ आतडं ही डॉक्टरांची गरज आहे, आतड्याची नव्हे.

पण हे पटायला कठीण जातं, आणि ते फक्त आपल्यालाच नाही. साहेबसुद्धा यात फसलेला आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात पोटातल्या घाणीचं विष अंगात भिनतं आणि माणूस म्हातारा होतो, या कल्पनेने भल्याभल्यांना झपाटलं होतं. इल्या मेचनिकॉफ हा नोबेल मिळवलेला शास्त्रज्ञ. मोठं आतडं ही नसती ब्याद आहे असं त्याचं मत, आणि त्यावर उतारा म्हणून तो आंबवलेलं दूध प्यायचा. लंडनचे सर आर्बथनॉट लेन त्याच्याही पुढे गेले. ते शल्यविशारद असल्यामुळे मतापाशी थांबले नाहीत. बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी त्यांनी कापूनच काढली. माझ्या मेहुण्यांच्या घराण्याची एक शाखा लंडनला असावी असं मला तेव्हापासून वाटतं.

आणि आतड्यातले हे जीव पहिल्यांदा पाहिले कोणी? डेल्फ्टच्या लेवेनहुक नावाच्या कापडवाल्याने. १६८१ साली त्याचं पोट बिघडलं तेव्हा त्याने आपलीच पातळ शी भिंगाखाली धरली आणि तिच्यात वळवळणाऱ्या जिवांचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. असं पत्र लिहायला जी तब्येत लागते, तिला मी मनापासून नमस्कार करतो.

तपासणी झाली. काही निघालं नाही. गुंगी उतरल्यावर सिस्टरने भरल्या वॉर्डात "काका, गॅस गेला का?" असं विचारलं आणि "गेला" म्हटल्यावर "शाब्बास" म्हणाली. चांगल्या कामाबद्दल मला शेवटची शाबासकी कधी मिळाली होती ते आठवेना.

बायकोने डॉक्टरांना गाठलंच. "आता यांचे ते चांगले बॅक्टेरिया गेले असतील ना? त्यांना काय देऊ?"

"जेवायला द्या," डॉक्टर म्हणाले.

तिला हे उत्तर फार स्वस्त वाटलं. तोवर मुलीने बेंगळुरूहून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मागवून घरी पोहोचत्या केल्या होत्या. एका कॅप्सूलमध्ये अब्जावधी जिवाणू, असं डबीवर लिहिलेलं. आमच्या लाख कोटींच्या व्यवहारात ही रक्कम सुट्या पैशांत मोडते. शिवाय २०१८ साली इस्राएलमध्ये झालेला एक अभ्यास मी तिला वाचून दाखवला. तो अँटिबायोटिक घेतलेल्या लोकांवरचा आहे, या धुण्यावरचा नव्हे; पण अशा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या पोटात बाहेरची मंडळी ठाण मांडून बसली आणि घरच्यांना परतायला उलट उशीर लागला. सगळ्यात लवकर कोण सावरलं? ज्यांनी आपलीच शी आधी काढून ठेवली होती आणि ती ज्यांच्या आतड्यात परत सोडली, ते. हा भाग वाचून झाल्यावर कॅप्सूलविरुद्धचा माझा युक्तिवाद आपोआप संपला, आणि बायको ताक करायला उठली. ताकातले जिवाणूही आत वस्तीला राहत नाहीत, बहुतेक पाहुणे येऊन जातात तसे जातात. पण मऊ खिचडीबरोबर ते छान लागतं, आणि प्रत्येक घोटाला उपयोग असलाच पाहिजे असं थोडंच आहे?

आयुर्वेदातही विरेचनानंतर माणसाला एकदम पुरणपोळीवर सोडत नाहीत. आधी पातळ पेज, मग घट्ट, मग मुगाचं कढण, असं चढत जायचं. शुद्धी उत्तम झाली असेल तर सात दिवस. ज्यांनी हा क्रम लावला त्यांनी जिवाणू पाहिलेले नव्हते. रिकाम्या आतड्याला घाई चालत नाही, एवढं मात्र पाहिलेलं होतं. आमच्याकडे पेजेवरून ज्वारीच्या भाकरीवर यायला आठवडा लागला, आणि ज्या दिवशी गवार झाली त्या रात्री पोटात ओळखीचा आवाज आला. विरोधी पक्ष कामाला लागला होता.

मेहुण्यांचा फोन त्याच सुमारास आला. त्यांचं ठरलं होतं. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तपासणीबिपासणी न करता नुसतंच हे औषध घ्यायचं. "गाडीची सर्व्हिसिंग करतो ना आपण?"

मी त्यांना सगळं सांगितलं. चौदा दिवसांत सगळे परत येतात, म्हणजे खर्च वाया. स्टॅनफर्डला उंदरांना हेच औषध काही दिवस सलग पाजलं, तर आतड्याचा चिकट थर झिजला आणि जिवाणूंचं एक अख्खं कुटुंब नाहीसं झालं. "उंदरांचं सोडा हो," मेहुणे म्हणाले. मूत्रपिंड, क्षार, वय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, हेही झालं. "ते बघू." मग चव सांगितली. इथे मात्र ते थबकले.

"त्यात साखर घातली तर?"

तेव्हा मी त्यांना मॅनिटॉलची हकीकत सांगितली. पूर्वी आतडं साफ करायला हा गोड पदार्थ वापरत. प्यायला सोपा. पण तो पुरता शोषला जात नाही, आणि धुण्यातून मागे राहिलेले जिवाणू त्यावर ताव मारून हायड्रोजन सोडतात. फ्रान्समध्ये असंच आतडं धुतलेल्या एका रुग्णाचा कोंब विजेच्या तारेने जाळून काढताना आत स्फोट झाला आणि तो दगावला; १९७९ साली ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणून त्या पाकिटात गोडाधोडाचं आपल्या मनाने काही मिसळायचं नसतं.

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"दाजी, धुतल्यावर किती उरतात म्हणालात?"

"एकतिसावा हिस्सा."

"आणि तेवढ्यांनी हे केलं?"

"तेवढे पुरतात."

मेहुण्यांनी यंदाच्या उसाचा विषय काढला.